मायक्रोवेव्हचा सुटा भाग घरी बदलताना या चुका टाळा

मायक्रोवेव्ह ओव्हन बिघडला की हल्ली आधी मोबाइलवर सुटे भाग शोधले जातात. मॅग्नेट्रॉन (अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), दाराचे स्विच, मायका शीट, थाळीची मोटर हे सगळे घरपोच येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हातात घेऊन पाहताही येते, आणि त्यांतले बरेच भाग स्वस्त असतात. अडचण भाग मिळण्याची नाही. नेमका कोणता भाग गेला आणि तो कशामुळे गेला, हे न तपासता खरेदी केली जाते, ही खरी अडचण आहे. त्या घाईत कधी पैसे वाया जातात, तर कधी प्रकरण जिवावर बेतते. म्हणून आधी धोक्याविषयी.

पत्र्याच्या आवरणाखाली एका बाजूला घरगुती २३० व्होल्टचा भाग असतो, तर दुसऱ्या बाजूला ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि डायोड मिळून सुमारे ४,००० व्होल्टपर्यंतचा दाब तयार करतात. ‘प्लग काढला, आता भीती नाही’ ही समजूत येथे चालत नाही, कारण कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भार धरून ठेवू शकतो. बहुतेक कपॅसिटरच्या आत सुमारे १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि तो मिनिटाभरात हा भार उतरवतो, पण तो रेझिस्टर शाबूत आहे की तुटला आहे, हे बाहेरून कळत नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलेला आहे, या भरवशावरही राहू नये. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला बसलेला धक्का त्या उपकरणाला समजत नाही. ओव्हन चालू असताना या बाजूला साधा मल्टिमीटर (व्होल्टेज व जोडणी तपासण्याचे मीटर) लावणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण तो इतक्या दाबासाठी बनलेलाच नसतो. कपॅसिटर डिस्चार्ज करायला जे कोणा जाणत्याच्या हाताखाली शिकलेले नाहीत, त्यांनी आवरणाचे स्क्रू काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आवरण न उघडताही दुरुस्त होणारे बिघाड कमी नाहीत.

त्यांतला सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे आत उडणाऱ्या ठिणग्या. ठिणग्या दिसल्या की मॅग्नेट्रॉन गेला, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण दोष बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवरील मायका शीटचा असतो. पुठ्ठ्यासारखा दिसणारा, किंचित चकाकणारा हा चौकोनी तुकडा नीट पाहावा. फोडणीचे तेल आणि हळद उडून त्यावर तपकिरी डाग पडलेला असतो, त्या डागाच्या मध्यावर काळा ठिपका असतो आणि बोट लावले की काजळी लागते. मायका स्वतः सहज जळत नाही; त्यावर साचलेले अन्न जळून त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा वीजवाहक असल्यामुळे तेथेच पुन्हापुन्हा ठिणगी पडते. नवे शीट कोऱ्या चौकोनात मिळते आणि जुना तुकडा वर ठेवून, आखून, कात्रीने कापता येते. येथे दोन चुका होतात. काहीजण शीट काढून टाकतात आणि तसाच ओव्हन वापरतात, त्यामुळे वाफ आणि तूप थेट मॅग्नेट्रॉनच्या टोकापर्यंत पोहोचते, मग स्वस्तात सुटणारे काम महागात जाते. दुसरे काहीजण नवे शीट बसवतात, पण त्यामागची चिकट पोकळी पुसत नाहीत. तेथील तेलकट थर नव्या शीटलाही जाळतो. मायकाऐवजी प्लास्टिक किंवा साधा पुठ्ठा लावू नये, हे वेगळे सांगायला नको, तरीही असे जुगाड पाहायला मिळतात. शीट स्वच्छ असूनही ठिणग्या उडत असतील, तर आतला रंग उडून पत्र्याला कुठे गंज चढला आहे का, ते पाहावे. त्या जागी घरातला उरलेला ऑइल पेंट चालत नाही, मायक्रोवेव्हच्या आतील भागासाठी मिळणारा रंगच लावावा लागतो.

थाळी फिरत नसेल तर मोटरवर हात टाकण्याआधी खालची चाकांची कडी आणि मोटरचा दांडा थाळीला जोडणारा मधला प्लास्टिकचा कपलर पाहावा. कपलरला बारीक चीर गेली तरी दांडा फिरतो आणि थाळी जागीच राहते. मोटरच बदलायची झाल्यास जुन्या मोटरच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय नवी मागवू नये. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या मोटरी २१ व्होल्टच्या, ३० व्होल्टच्या आणि २२०-२४० व्होल्टच्याही असतात. २१ व्होल्टची मोटर २३० व्होल्टवर लावली तर ती लगेच जळते, आणि उलट केले तर ती हलतही नाही. दांड्याची लांबीही जुळावी लागते. अनेक ओव्हनमध्ये ही मोटर तळाच्या पत्र्यातील छोट्या झाकणामागे असते, त्यामुळे प्लग काढून, थाळी बाहेर ठेवून, ओव्हन आडवा केला की वरचे आवरण न काढता काम होते. थाळी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरते, अशी तक्रार घेऊन नवी मोटर आणणारेही असतात. या प्रकारच्या मोटरचा तो स्वभावच आहे, दोष नव्हे.

ज्यांना आवरण उघडण्याचा अधिकार अनुभवाने मिळालेला आहे, त्यांच्याकडूनही फ्यूजच्या बाबतीत चूक होते. फ्यूज उडाला, नवा बसवला, तोही उडाला, मग जरा मोठ्या अँपिअरचा बसवला, आणि शेवटी तांब्याची तार गुंडाळली, हा क्रम थेट आगीकडे नेतो. फ्यूज उडतो तो कशामुळे तरी, आणि कोणत्या क्षणी उडाला, यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येते. प्लग लावताक्षणी उडत असेल तर संशय ओव्हनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर व वायरिंगवर घ्यावा. स्टार्टचे बटण दाबल्यावर उडत असेल तर ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, डायोड किंवा मॅग्नेट्रॉन यांपैकी काहीतरी शॉर्ट झालेले असते. दार उघडताना किंवा लावताना उडत असेल तर मात्र दाराचे स्विच पाहायचे.

हे शेवटचे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. दारामागे साधारणपणे तीन मायक्रोस्विच असतात. त्यांपैकी दोन दार लागल्यावर वीजप्रवाह जोडतात. तिसरा मॉनिटर स्विच उलट वागतो, म्हणजे दार उघडल्यावर जोडला जातो. मुख्य स्विचचे टोक जळून चिकटले आणि दार उघडल्यावरही प्रवाह तुटला नाही, तर हा तिसरा स्विच मुद्दाम शॉर्टसर्किट करतो आणि फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दारातून लहरी बाहेर येत नाहीत. त्यामुळे असा उडालेला फ्यूज म्हणजे यंत्रणेने आपले काम केले, एवढाच अर्थ. अशा वेळी फक्त फ्यूज बदलणे चूक. मुख्य स्विच आणि मॉनिटर स्विच हे दोन्ही बदलावेत, कारण त्या क्षणीचा प्रचंड प्रवाह दोघांमधून गेलेला असतो. नवे स्विच घेताना आणखी एक फसगत होते. तिन्ही स्विच दिसायला एकसारखे असतात, त्यामुळे दुकानातून तीन सारखेच आणले जातात आणि मॉनिटरच्या जागी चुकीचा स्विच बसतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून सुट्या स्विचची तपासणी करावी: साधा स्विच दाबल्यावर वाजतो, मॉनिटरचा न दाबता वाजतो. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवणे हा येथे सर्वांत उपयोगी उपाय. स्विच पूर्णपणे वगळून वायरी थेट जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाकडून पुढे कोणतेच काम करून घेऊ नये.

दिवा लागतो, पंखा व थाळी फिरते, पण अन्न गरम होत नाही, या तक्रारीवर सरसकट मॅग्नेट्रॉन मागवला जातो. आधी हमीपत्र काढून पाहावे, कारण काही कंपन्या मॅग्नेट्रॉनवर वेगळी, जास्त मुदतीची हमी देतात. नंतर मॅग्नेट्रॉनच्या दोन पिनांवरचे कनेक्टर पाहावेत. ते सैल होऊन काळे पडले असतील तर तेवढ्यानेही अन्न गरम होणे थांबते. डायोडबाबत होणारी चूक जाणकारांकडूनही होते: साध्या मल्टिमीटरच्या डायोड तपासणीत चांगला डायोडही दोन्ही बाजूंनी बंद दाखवतो, कारण तो उघडायला मीटर देतो त्याहून जास्त व्होल्ट लागतात. त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी त्याला जोडून व्होल्टेज मोजावा लागतो. दोन्ही बाजूंनी सलग बीप येत असेल तर तो नक्कीच गेला आहे. मॅग्नेट्रॉन बदलायचाच झाला तर २एम२१४ किंवा ओएम७५पी असा त्यावरचा पूर्ण क्रमांक जुळवावा, स्क्रूची भोके आणि पिनांची दिशा पाहावी, आणि तोंडाशी असलेली धातूच्या जाळीची चकती जुन्यावरच विसरू नये.

काही बटणे चालतात आणि काही चालत नाहीत, तेव्हा महागडा बोर्ड नव्हे, तर बहुधा वरची टच शीट गेलेली असते. आपल्याकडे बोर्डावर झुरळांनी केलेली वस्ती हेही मोठे कारण आहे.

दार वाकले असेल, बिजागरी ढिली झाली असेल किंवा काचेमागची जाळी फाटली असेल, तर घरी काही करू नये. दारापासून ५ सेंटिमीटरवर प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलिवॉट ही गळतीची मर्यादा आहे आणि ती योग्य मीटरनेच मोजता येते. ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून रिंग वाजते का पाहणे, ही काही चाचणी नव्हे.

सर्व स्क्रू परत बसवून आवरण लावल्यावरच ओव्हन सुरू करावा, तोही रिकामा नाही. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घेऊन त्याचे तापमान मोजावे, पूर्ण शक्तीवर १ मिनिट ठेवून ढवळावे आणि पुन्हा मोजावे. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणले की ओव्हनची प्रत्यक्ष शक्ती वॉटमध्ये मिळते. १० अंश वाढले तर ७०० वॉट. हा आकडा मागच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला, तर हीच चाचणी दिवसाच्या वेगळ्या वेळी पुन्हा करावी. दुपारी बरोबर येणारा आकडा संध्याकाळी पडत असेल, तर नवा भाग मागवण्याआधी त्या सॉकेटमधला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावा.