गाडी उंच केली, आता चढायचं कसं? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी माझ्या महिंद्रा थारला दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) टाकलं, 33 इंची टायर चढवले. भाऊबीजेला मामाकडे निघालो तेव्हा आई दार उघडून नुसती उभी राहिली. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात ओवाळणीचं तबक. वर बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते."

त्यानंतर मी जे जे विकत घेतलं, त्यातलं निम्मं आज माळ्यावर पडलंय. तुमचं पडू नये म्हणून लिहितोय.

माझी पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे टेपने उंची न मोजता फूटस्टेप, म्हणजे दाराखालची पायरी मागवली. आधी हिशेब समजून घ्या. लिफ्ट किट दोन इंचांचं असेल तर गाडी दोन इंच उचलते. टायरचा व्यास मात्र जेवढा वाढतो, त्याच्या निम्मीच उंची मिळते. थारचा 18 इंची रिमवरचा 255/65 टायर साधारण 31 इंचांचा असतो. त्याजागी 33 चा टाकला की गाडी आणखी एक इंच वर जाते. म्हणजे एकूण तीन इंच. आणि फूटस्टेप चेसिसलाच (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) बसवलेली असल्यामुळे तीही तीन इंच वर जाते! माझ्या गाडीचा दारातला उंबरठा जमिनीपासून 27 इंचांवर आणि नवी फूटस्टेप 20 वर. पहिलं पाऊल 20 इंच, दुसरं फक्त सात. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, त्यावरून अंदाज घ्या. त्या फूटस्टेपचा उपयोग काय झाला, तर उतरताना नडगीवर आपटायला.

पायरी अशी हवी की चढाई दोन जवळजवळ सारख्या भागांत वाटली जाईल. माझ्या बाबतीत 14 आणि 13 इंच. त्यासाठी खाली लोंबणारी पायरी, म्हणजे ड्रॉप स्टेप मिळते. मात्र ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येते, आणि मोठा दगड किंवा बांध ओलांडताना गाडीचं पोट टेकतं ते तिथेच. नियमित खडकांत जाणार असाल तर नटबोल्टवर काढता येईल अशीच घ्या.

फिटर "दहा मिनिटांत बसवतो" म्हणाला आणि दाराखालच्या पत्र्याला भोकं पाडायला निघाला, तर तिथेच थांबवा. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांना खाली स्वतंत्र चेसिस असते. 80-90 किलोचा माणूस एका पायावर उभा राहतो तो भार चेसिसनेच घ्यायला हवा. पत्रा वाकतो, भोकातून पाणी शिरतं, दोन पावसाळ्यांत गंज. चेसिसवर वेल्डिंगही करू देऊ नका. कंपनीने आधीच दिलेल्या भोकांत पायरीचे ब्रॅकेट बसवा, आणि पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

गोल चकचकीत पाइपच्या मोहात पडू नका. शोरूममध्ये छान दिसतो. जुलैत ताम्हिणीच्या चिखलात बुटासकट पाय सटकतो. सपाट, खरबरीत आणि चिखल गळून जाईल अशी जाळीची पायरी बरी. बटणावर आपोआप बाहेर येणारी इलेक्ट्रिक पायरी? चिखल आणि किनाऱ्यावरची खारी वाळू सांध्यांत बसली की ती अर्ध्यावर अडकते. माझं मत: शहरातच फिरणाऱ्याने घ्यावी, आणि शहरातच फिरणाऱ्याने गाडी उंच कशाला करावी हा वेगळा प्रश्न.

आता हात. बरेच जण स्टिअरिंगला लोंबकळून चढतात किंवा उघड्या दाराचा आधार घेतात. दार हलतं, तोल जातो, आणि बिजागऱ्या कालांतराने लोंबतात. काचेशेजारच्या खांबावर ग्रॅब हँडल लावून घ्या, पण एअरबॅगच्या आवरणावर स्क्रू मारू नका.

चढायचीही रीत आहे. बॉनेटच्या बाजूचा पाय पायरीवर, त्याच बाजूचा हात हँडलला, मग दुसरा पाय आत. चुकीचा पाय आधी टाकला की दारातच पायांची अढी पडते. गुडघा दुखत असेल तर बसायची बाजू अशी निवडा की पायरीवर चांगला पाय येईल. उतरताना तोंड गाडीकडे करून, शिडीवरून उतरतो तसं, दुखरा पाय आधी खाली. उडी मारू नका.

कायद्याचंही एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मी हे किट टाकल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा. पायरी निदान गाडीच्या रुंदीबाहेर डोकावणारी नको.

एवढं करून आईला 14 इंचही जास्तच होते. शेवटी भांडीवाल्याकडचा सात इंची जाड प्लास्टिकचा पाट कामाला आला. पहिला पाट पेट्रोल पंपावरच विसरलो. दुसऱ्याला सुतळी बांधलीय, तिचं टोक दाराच्या हँडलला. आई वर बसली की स्वतःच पाट ओढून घेते आणि म्हणते, "चल आता."