ब्रॉडकास्टर सिग्नल देत नाही: एमएसओने दाद कुठे मागायची

चॅनेलवाल्या कंपनीने (ब्रॉडकास्टर) केबल कंपनीचा (एमएसओ, म्हणजे मल्टी सिस्टीम ऑपरेटर) सिग्नल अडवला, की अनेकांना आधी स्पर्धा आयोग आठवतो. आयोग मक्तेदारी तपासतो, आणि त्याला वर्षं लागतात. स्क्रीनवर चॅनेल लवकर हवं असेल तर ट्राय या दूरसंचार नियामकाचे 2017चे इंटरकनेक्शन नियम (ब्रॉडकास्टर आणि केबल कंपनी यांच्यातल्या व्यवहाराचे नियम) हाताशी धरून टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणाकडे जा.

सुरुवात लेखी मागणीने. सेल्सवाल्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नका; पोच मिळेल असं पत्र आणि ईमेल दोन्ही पाठवा. सोबत एमएसओ नोंदणीची प्रत, हेडएंडचा (चॅनेल घेऊन पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) पत्ता आणि तुमच्या यंत्रणेचा ऑडिट रिपोर्ट जोडा. पत्र पोचल्यापासून 60 दिवसांत ब्रॉडकास्टरने सिग्नल द्यायचा, नाहीतर नकाराचं कारण लेखी कळवायचं, असं बंधन आहे. मात्र तुमची जुनी थकबाकी असेल तर हे बंधन लागू नाही. तेव्हा आधी हिशोब मिटवा.

घोडं अडतं ते बहुधा आकड्यांवर. ग्राहकसंख्या महिन्याच्या 7, 14, 21 आणि 28 तारखेला, संध्याकाळी 7 ते रात्री 12च्या दरम्यान मोजून सरासरी काढतात. एखादा सेट-टॉप बॉक्स एसएमएसमध्ये (ग्राहकांची नोंद ठेवणारी प्रणाली) बंद आणि सीएएसमध्ये (चॅनेल चालू-बंद करणारी प्रणाली) चालू दिसला, की समोरचा वकील 'ग्राहक लपवले' म्हणायला मोकळा. दोन्ही रिपोर्ट दर महिन्याला जुळवून ठेवा. चालू सिग्नल तोडायचा तर ब्रॉडकास्टरने कारणासह किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यायला हवी. ती मिळाली नसेल तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

दिवाणी कोर्टात जाऊ नका. ट्राय कायद्याचं कलम 15 ती वाट बंद करतं. टीडीसॅटमध्ये कलम 14अ खाली अर्ज करा आणि त्यासोबतच अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश मागा.

आयोगाकडे कधी जायचं? शेजारच्या स्पर्धकाला जादा सूट मिळते आणि तुम्हाला नाही, असं दाखवता आलं तर. ब्रॉडकास्टरने केबल कंपनीला द्यायची वितरण फी आणि सूट मिळून चॅनेलच्या एमआरपीच्या 35 टक्क्यांवर जाता येत नाही, म्हणून जादा सूट दुसऱ्या नावाने दिली जाते. केरळच्या एशियानेट डिजिटल या केबल कंपनीने स्टारवर मार्केटिंग करारांच्या आडून अशी सूट दिल्याचा आरोप केला, आणि 2022 मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. 'वर्चस्व' सिद्ध करताना बाजार नेमका आखा: पंजाबच्या फास्टवे या केबल कंपनीच्या प्रकरणात तो पंजाब आणि चंडीगडची केबल सेवा एवढाच धरला होता. नियमभंगाचा तांत्रिक प्रश्न असेल तर आधी त्या क्षेत्राच्या नियामकाचा (इथे ट्रायचा) निष्कर्ष घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भारती एअरटेल प्रकरणात सांगितलं. पण त्यात फार रेंगाळू नका. आयोगाकडे माहिती देण्याची मुदत आता तीन वर्षांची आहे.