जुनी गाडी इंजिन बदलल्यावर घुमते, थरथरते? या चुका टाळा

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत आजही अनेक अंगणांत एखादी जुनी जीप किंवा अँबेसेडर जपून ठेवलेली दिसते. मात्र तिच्यातले इंजिन मूळचेच असेल याची खात्री नसते. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून कोणी डिझेल इंजिन बसवलेले असते, कोणी पाच गियरचा बॉक्स, तर कोणी सातपुड्यातल्या वाटांसाठी मागचे पाटे वाढवून गाडी उचललेली असते. आठवडाभरात मालक गॅरेजमध्ये परत येतो आणि सांगतो, “भाऊ, गाडी घुमी राहिनी.” मग पहिला संशय ठरल्याप्रमाणे प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गियरबॉक्सची ताकद मागच्या धुऱ्याकडे नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसवर (त्याच्या टोकाच्या सांध्यावर) जातो. तो बदलला तरी आवाज राहतो, म्हणून बेअरिंग बदलले जाते, आणि शेवटी बिचाऱ्या क्राऊन-पिनियनची, म्हणजे मागच्या धुऱ्यातल्या दात्यांच्या जोडीची, पाळी येते.

पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून पाहावी. महामार्गाच्या सरळ, रिकाम्या तुकड्यावर ज्या वेगाला थरथर येते त्या वेगापर्यंत जावे आणि क्लच दाबून गियर न्यूट्रल करावा. इंजिन मात्र बंद करू नये. थरथर तशीच राहिली तर दोष गियरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन असलेला मागच्या धुऱ्यातला गोळा) किंवा चाकांत आहे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तीही खाली आली तर क्लच, फ्लायव्हील (इंजिनामागचे जड चाक) आणि इंजिन फाउंडेशनकडे (इंजिन ज्यावर बसते त्या आधारांकडे) पाहावे. यानंतर थोडे गणित उपयोगी पडते. चाकाचा घेर सव्वादोन मीटर असेल तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सात-साडेसात फेरे घेते, आणि मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) जुन्या जीपसारखा ५.३८ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सुमारे ४० फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंगला आणि सीटला संथ हेलकाव्यासारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात घुमतो. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीची काळी माती रिमच्या आत आणि शाफ्टवर वाळून बसते व तीही नेमके हेच करते. त्यामुळे आधी गाडी खालून धुऊन घ्यावी. यात पैसे जात नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक कोनांची असते. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा, चाकांकडचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर पुढच्या क्रॉसने केलेला हा चढउतार मागचा क्रॉस मिटवतो. कोन असमान असतील तर तो पिनियनपर्यंत पोहोचतो. गाडी उचलल्यावर हे गणित बिघडते, आणि शाफ्ट जितका आखूड तितके जास्त बिघडते. अर्ध्या मीटरच्या शाफ्टला ५ सेंटीमीटर उचल दिली की त्याचा उतार पावणेसहा अंशांनी वाढतो. सव्वा मीटरच्या शाफ्टला तीच उचल सव्वादोन अंशांच्या आसपास पडते. अँबेसेडर जे सहन करते ते आखूड जीप का करत नाही, याचे उत्तर यात आहे.

माझ्याच जीपला मी मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) लावले होते. त्यामुळे गाडी उंच झाली, पण धुरा फिरून पिनियनचे तोंड वर वळले, आणि चुंबकी अँगल गेज लावून पाहिले तेव्हा पुढच्या क्रॉसचा कोन ७ अंश आणि मागचा जेमतेम २ अंश निघाला. तोपर्यंत दोन क्रॉस बदलून झाले होते. पाटा आणि धुरा यांच्यामध्ये पाचर घालून पिनियन खाली वळवले असते तर दोन्ही कोन जुळले असते खरे, पण दोन्ही मोठेच राहिले असते. शेवटी शॅकल काढले आणि उंचीवर पाणी सोडले. त्याची हळहळ अजून आहे. साधारणपणे प्रत्येक कोन ३ अंशांच्या आत असावा आणि दोहोंत एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा. मात्र कोन अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात. माप घेताना गाडी चाकांवर उभी असावी. चॅसिसला जॅक लावून धुरा लोंबकळत ठेवून घेतलेले माप निरुपयोगी असते.

ग्रीस भरण्यासाठी शाफ्टची सरकती बाजू काढली आणि एक-दोन दाते चुकवून बसवली, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेषेत राहत नाहीत आणि कोन बरोबर असूनही गाडी घुमते. खडूची खूण पुसली जाते. पंचने दोन्ही बाजूंना टोचून ठेवावे. गियरबॉक्स बदलल्यामुळे शाफ्ट कापून वेल्ड केला असेल तर त्याचा बाक डायल गेजवर अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणावा आणि नंतर बॅलन्सिंग करून घ्यावे. “लेथवर सरळ केला आहे” म्हणजे बॅलन्स केला आहे असे नव्हे.

वेगळे इंजिन जुन्या गियरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट मध्यावर नसली तर पायलट बेअरिंग (गियरबॉक्सच्या शाफ्टचे इंजिनाकडचे टोक धरणारे) गुरगुरते, क्लच धडधडतो आणि काही दिवसांत गियर निसटू लागतो. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) भोकाचा बाक ०.१३ मिलिमीटरच्या आसपास मर्यादेत हवा. डिझेल इंजिनाला रबराऐवजी लोखंडी पट्टीवर घट्ट कसणे ही तर निव्वळ हौस आहे, कारण इंजिनाचा प्रत्येक ठोका मग थेट चॅसिसमध्ये उतरतो.

क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलावे. एक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावरच सूर बदलत असेल तर दात तपासावेत. दोन्ही वेळा सारखीच गुरगुर असेल तर बेअरिंग. पितळी सिंक्रो (गियर अलगद पडण्यासाठीच्या कड्या) असलेल्या जुन्या गियरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचे गियर ऑइल भरू नये, ते डिफरन्शियलसाठी ठीक आहे. आवाज दाबायला ऑइलमध्ये केळीची साल टाकतात असे ऐकिवात आहे. आमच्या रावेर-यावलकडे केळीला तोटा नाही, तरी हा उपाय विकणाऱ्याच्या कामाचा, चालवणाऱ्याच्या नव्हे.

पाचर घालून कोन सुधारला असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर पाटे धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा कसावेत, आणि नेहमीचे वजन गाडीत ठेवून कोन पुन्हा एकदा मोजावा.