अण्णांच्या स्ट्रोकनंतर घरी रोज काय करतो ते सगळं: हात, चाल, बोलणं, बीपी आणि डोक्यावरचा ताण

आमच्या अण्णांना तीन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी स्ट्रोक आला, म्हणजे मेंदूचा झटका, ज्यात मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. चहाचा कप उजव्या हातातून सुटला, तोंड वाकडं झालं आणि बोलायला गेले तर नुसता आवाज निघाला. आमच्या सांगलीत याला अंगावरून वारं गेलं म्हणतात आणि वारं म्हटलं की तेल आलंच, त्यामुळे पहिला तास-दीड तास शेजारचे काका हातापायाला गरम तेल चोळत बसले आणि आम्हीपण चोळू दिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हे लिहितेय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेसुद्धा स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाहीये हे बघितल्यावरच. तोंड एका बाजूला ओढलं जातंय, हात वर धरला की खाली पडतोय, बोबडं बोलतायत, अचानक तोल किंवा नजर गेली, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच 108 ला फोन करा, नाहीतर जी गाडी मिळेल ती करून स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या. किती वाजलेत ते बघून ठेवा कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की शेवटचे ठणठणीत कधी होते. घरी ॲस्पिरिन देऊ नका, झटका गुठळीचा आहे का रक्तस्रावाचा हे बाहेरून कुणालाच कळत नाही, आणि पाणीपण पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि ज्याला एकदा येऊन गेलाय त्याला परत यायचा धोका जास्त असतो, म्हणून हे घरातल्या लहान पोरांनापण शिकवून ठेवा.

आता घरचं. डिस्चार्जच्या वेळी हातात जाड फाइल मिळाली आणि त्यात घरी काय करायचं याची एकच ओळ, फिजिओ चालू ठेवा. फिजिओच्या मॅडम यायच्या पाऊण तास, उरलेले सव्वातेवीस तास आम्ही काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही जे सगळे करतात तेच केलं. आई घास भरवायची, मी शर्टाची बटणं लावायची, पाणी तोंडाला, टॉवेल हातात, ते नुसते बसून. महिनाभरानं मॅडमनी बघितलं आणि आईला स्पष्टच सांगितलं, काकू, तुम्हीच त्यांचा हात झालात तर त्यांचा हात कशाला परत येईल. त्या दिवसापासून आमच्या घराचं टाइमटेबल बदललं आणि मला वाटतं अण्णांची सुधारणापण तिथूनच सुरू झाली.

कारण असं आहे की मेंदूचा जो भाग मेला तो काही परत येत नाही, पण बाजूचे भाग त्याचं काम शिकतात, आणि शिकतात ते फक्त पुन्हा पुन्हा केल्यानं. पहिले तीन ते सहा महिने वेग सगळ्यात जास्त असतो, ते वाया घालवू नका. पण सहा महिने झाले म्हणजे संपलं असंही नाही, आमच्या अण्णांना स्वतःचं बटण लावता यायला दीड वर्ष लागलं. एक बटण लावायला त्यांना चार मिनिटं लागायची आणि ती चार मिनिटं बघत उभं राहणं हेच मला सगळ्यात अवघड गेलं. हात पुढे करायचा मोह होतो, आपल्याला ऑफिसला उशीर होत असतो. त्यावर उपाय एकच, सगळं अर्धा-पाऊण तास आधी सुरू करायचं. घाई झाली की ते चिडतात, हात आणखी आखडतो, बोलणं अडतं. स्ट्रेस कमी करायचा म्हणजे काहीतरी स्पेशल करायचं असं मला आधी वाटायचं, पण आमच्याकडे निम्मा स्ट्रेस नुसत्या घाईचा होता.

सकाळी उठल्यावर पहिलं काम बीपी. संडास-बाथरूम आवरून, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत खुर्चीत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पट्टा चांगल्या हाताला, उघड्या दंडाला बांधायचा. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्या, दोन्ही वहीत लिहा, मोजताना बोलू नका. बऱ्याच जणांना 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरकडून घ्या. आणि हात जोडून सांगते, बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. रक्त पातळ ठेवायची गोळी तर कुणाच्याही सांगण्यावरून थांबवायची नाही, दात काढायचा असेल तरी आधी डॉक्टरला विचारायचं. ती गोळी चालू असताना कुणी काढा, चूर्ण, गावठी औषध आणून दिलं तर तेपण विचारल्याशिवाय नको. आमच्याकडे तर एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं होतं, आईपण भीतीपोटी तयार झाली होती. त्यानं काहीही होत नाही, जातो तो आपला वेळ आणि पैसा.

कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी. ही एक गोष्ट कळल्यावर आमची सकाळची भांडणं थांबली. उठवताना लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. बसल्यावर तो हात लोंबकळत ठेवायचा नाही, मांडीवर उशी आणि उशीवर हात. चालताना काठी चांगल्या हातात आणि आपण लुळ्या बाजूला थोडं मागे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. पायात स्लीपर नको, मागून पट्टा असलेली सँडल घ्या. बाथरूममध्ये भिंतीला पकडायला दांडा, खाली रबरी मॅट आणि बसायला चार पायांची घट्ट खुर्ची, एवढं पहिल्या आठवड्यातच करून घ्या, आम्ही अण्णा एकदा पडल्यावर केलं. अंघोळीचं पाणी चांगल्या हातानं बघायला लावा, लुळ्या बाजूला बऱ्याचदा गरम-गार कळत नाही, त्या बाजूला पोळलं तरी समजत नाही. आणि जे अंथरुणालाच खिळलेत त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात.

हाताच्या व्यायामाला महागडी साधनं लागत नाहीत, स्वयंपाकघर पुरतं. हात अजिबात हलत नव्हता तेव्हा अण्णा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून चांगल्या हातानं लुळा हात वर-खाली करायचे. दोन्ही हातांच्या मधे उभा आरसा ठेवून, लुळा हात आरशाच्या मागे आणि चांगला हात आरशासमोर हलवत, आरशात असं बघायचं की जणू लुळाच हात हलतोय, हेपण मॅडमनी पंधरा मिनिटं करायला लावलं होतं, तो थेरपीचाच प्रकार आहे. थोडी हालचाल आल्यावर मग टेबल फडक्यानं पुसणं, कणकेचा गोळा दाबून पसरवणं, ताटात शेंगदाणे आणि मटकी मिसळून वेगळं करणं, मटार सोलणं, दोरीला कपड्याचे चिमटे लावणं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, जुन्या काळी तिकिटाला पंच मारायचे, चिमटा दाबायची सवय बोटांना तीस वर्षांची, त्यामुळे चिमटे त्यांना सगळ्यात आधी जमले. तुमच्या माणसाचा हात आयुष्यभर काय करत होता ते आठवा आणि तिथून सुरू करा, शिवणकाम असो, हिशोब असो, फुलं ओवणं असो. एकदम तासभर नको, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मेडिकलमधून रबरी बॉल आणून दाबत बसवतात तो आमच्या मॅडमनी बंद केला, कारण अण्णांची मूठ आधीच आवळली जात होती, त्यांना मूठ उघडायचा सराव हवा होता. तुमचं तुमच्या फिजिओला विचारा.

बोलणं गेलं तेव्हा लोकांना वाटायचं यांना काही कळत नाही आता. अण्णांना सगळं कळत होतं. शब्द सापडत नव्हते एवढंच, डोकं तेच होतं. मोठ्यानं ओरडू नका, त्यांना बहिरेपण आलेलं नाही. टीव्ही बंद करून समोर बसून एका वेळी एकच छोटा प्रश्न, शक्यतो हो-नाहीमध्ये उत्तर देता येईल असा, आणि मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. पाठ झालेलं बोलणं आधी येतं, म्हणजे पाढे, वार, आरती. नीट बोलता न येणारी माणसं गाऊ शकतात हे ऐकून मला खरं वाटत नव्हतं, पण अण्णांना गणपतीत आरतीचे शब्द सलग आले आणि सगळं घर रडलं. स्पीच थेरपीच्या ताईंनी मग त्यांच्या रूटचे स्टॉप म्हणायला लावले, अंकली, उदगाव, जयसिंगपूर, हातकणंगले, हेर्ले, शिरोली, कोल्हापूर. रोज संध्याकाळी आमची एक फेरी जायची आणि एक यायची.

जेवताना सरळ ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, एक गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पातळ पाण्याला सगळ्यात जास्त ठसका लागतो. सुरुवातीला आम्ही पेज, दाट नाचणीची आंबील, दही असंच देत होतो आणि काय किती दाट द्यायचं ते थेरपीवाल्या ताई ठरवायच्या. पातळ आमटीत भात असं मिक्स खाणं अवघड जातं. भडंग-चुरमुरे तर नकोच, आमच्या सांगलीत हे सांगणं म्हणजे कठीण काम पण नकोच. लुळ्या गालात घास साठतो, जेवण झाल्यावर बोट फिरवून बघा, तोंड स्वच्छ धुवा. जेवल्यावर आवाज घोगरा ओला येत असेल किंवा ताप येत असेल तर डॉक्टरला दाखवा. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण, सुकट यातच ते संपतं, म्हणून ताटात वरून मीठ बंद आणि चवीला लिंबू, कोथिंबीर, लसूण. कमी सोडियमवालं मीठ मनानं आणू नका, काही गोळ्यांसोबत आणि किडनीच्या त्रासात ते चालत नाही. तंबाखू, मशेरी, बिडी पूर्ण बंद. मशेरीला कुणी तंबाखू समजतच नाही, पण ती तंबाखूच आहे.

आता मनाचं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं. जेवण नको, व्यायाम नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, याला आळस म्हणू नका, डॉक्टरला सांगा, त्याला औषध आहे आणि त्यानं फरक पडतो. काही वेळा उगाच रडू किंवा हसू फुटतं, थांबवता येत नाही, तोपण मेंदूचाच भाग आहे, अशा वेळी लाजवू नका, विषय बदला. थकवापण खूप येतो, अंघोळ केली तरी दमतात, त्यामुळे एक काम झालं की एक विश्रांती असं आम्ही वहीतच मांडून ठेवलं होतं. पाहुणे हा मोठा ताण. लोक प्रेमानंच येतात पण समोर बसून बोलतात, किती धडधाकट माणूस होता हो, आणि ऐकणारा सगळं ऐकत असतो. आम्ही वेळ ठरवली, संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी दोघं, आणि आजाराचा विषय काढायचा नाही. काहींना राग आला, चालतंय.

श्वासाचं एक साधं करतो. खुर्चीत बसून चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, नाकानं, जोर न लावता, पाच मिनिटं, सकाळी आणि झोपायच्या आधी. भ्रामरी त्यांना आवडते, ओठ कंप पावतात तेपण बरं वाटतं म्हणतात. कपालभाती, श्वास कोंडून धरणं, शीर्षासन असलं काही बीपीवाल्या आणि स्ट्रोक झालेल्या माणसानं टीव्ही बघून करायचं नाही. संध्याकाळी गॅलरीत अर्धा तास, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, रात्री ठरलेल्या वेळी लाइट बंद. मोठ्यानं घोरत असतील आणि मध्येच श्वास थांबत असेल तर तेही डॉक्टरला सांगा, त्यानं बीपी वाढतं.

आणि सांभाळणाऱ्याचं. पहिल्या सहा महिन्यांत आईचं वजन उतरलं, तिचं स्वतःचं बीपी वाढलं आणि आम्हाला ते कळलंच नाही कारण मशीन फक्त अण्णांना लावत होतो. आता रोज सकाळी तिचंही घेतो, त्याच वहीत शेजारच्या रकान्यात. कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, मी एकदा रात्री लावलाय. भाऊ पुण्याहून महिन्यातले दोन रविवार येतो, पाहुणा म्हणून नाही, अंघोळ-जेवण-व्यायाम सगळं त्याच्याकडे. त्या दिवशी आई सकाळी गणपतीच्या देवळात जाते आणि तशीच मावशीकडे मिरजेला जाऊन जेवून, झोप काढून संध्याकाळीच परत येते.