चिनी भाषेत विचारपूस कशी करावी

चिनी शिकू लागलेल्या बहुतेकांना पहिल्याच धड्यात ‘नी हाओ मा?’ हे वाक्य मिळते आणि ‘तुम्ही कसे आहात?’ असा त्याचा अर्थ वहीत उतरवला जातो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नाही; मात्र रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला चिनी माणूस ते क्वचितच विचारतो. लोहार चाळीतून माल बघायला यीवू किंवा ग्वांगचौला जाणारे व्यापारी असोत, किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयातून चिनी कंपनीशी पत्रव्यवहार करणारे कर्मचारी, त्यांना या एका वाक्यावर भागवता येणार नाही. सुदैवाने मराठी माणूस जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी जसा बोलतो, त्याच्याशी चिनी रीत पुष्कळ जुळते.

आधी एक घोळ दूर करावा. ‘नी हाओ’ हा निव्वळ नमस्कार आहे, तो प्रश्न नाही. समोरच्याने ‘नी हाओ’ म्हटले की आपणही ‘नी हाओ’ एवढेच म्हणावे. ‘मी मजेत आहे’ असे उत्तर देऊ नये. शेवटी ‘मा’ जोडला की त्याचा प्रश्न होतो, आणि तो प्रश्न काही दिवसांनी भेटलेल्या व्यक्तीसाठी किंवा काहीशा औपचारिक प्रसंगासाठी राखून ठेवावा.

रोजच्या विचारपुशीचे सूत्र साधे आहे: समोरचा माणूस या क्षणी काय करताना दिसतो आहे, तेच त्याला विचारावे. पिशवी घेऊन निघालेल्या शेजारणीला ‘माय-त्साय छ्यू आ?’, म्हणजे ‘भाजीला निघालात का?’, असे विचारतात. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्याला ‘श्या-पान ल?’, म्हणजे ‘सुटलात का कामावरून?’, आणि दारात शिरणाऱ्याला ‘ह्वेइ-लाय ल?’, म्हणजे ‘आलात का?’, असे म्हणतात. उत्तर डोळ्यांसमोर असतानाही प्रश्न विचारला जातो, कारण त्यात माहिती हवी नसते. तुमची दखल घेतली, एवढेच सांगायचे असते. दादरच्या मंडईतून जुडी हातात धरून येणाऱ्या माणसाला ‘काय, भाजी घेतली वाटतं?’ असे विचारणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘छ्यू नार?’, म्हणजे ‘कुठे निघालात?’, हा प्रश्नही याच जातीचा आहे. त्यावर पत्ता सांगत बसू नये. ‘जरा बाहेर’ एवढे उत्तर पुरते आणि विचारणाऱ्यालाही त्याहून अधिक नको असते.

‘छ्र ल मा?’ हा प्रश्न सर्वांत प्रसिद्ध आहे. तो म्हणजे आपला ‘जेवलात का?’ जेवणाच्या वेळेच्या आसपास तो विचारतात, आणि उत्तर चीनमध्ये व वयस्कर मंडळींत तो अधिक ऐकू येतो. शहरांतली तरुण मुले तो कमी वापरतात. हे जेवणाचे आमंत्रण नव्हे. जेवण झाले असेल तर ‘छ्र ल, नी न?’ (‘जेवलो, तुम्ही?’) आणि झाले नसेल तर ‘हाय मेइ न’ (‘अजून नाही’) म्हणावे आणि पुढे चालू लागावे. दुपारी चारच्या व्हिडिओ बैठकीत मात्र हा प्रश्न टाकू नये. तिथे तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

कार्यालयात आणि व्यापारात सर्वांत उपयोगी पडणारा प्रश्न आहे ‘त्स्वेइ-चिन त्सन्म-यांग?’, म्हणजे ‘अलीकडे कसे काय चालले आहे?’ एकच वाक्य पाठ करायचे असेल, तर माझे मत याच वाक्याला आहे, कारण ते वयाने लहान, बरोबरीच्या आणि मोठ्या अशा सर्वांना चालते. त्याचाच एक भाऊ म्हणजे ‘त्स्वेइ-चिन मांग पु मांग?’, शब्दशः ‘अलीकडे कामात आहात की नाही?’ क्रियापद किंवा विशेषण, मध्ये नकाराचा ‘पु’ आणि पुन्हा तोच शब्द, अशी या प्रश्नाची घडण असते, आणि तशी घडण केली की शेवटी ‘मा’ लावायचा नसतो. पुष्कळ दिवसांनी भेट होत असेल, तर आरंभी ‘हाओ-च्यौ पू च्येन’ (‘किती दिवसांनी भेटलो’) म्हणावे आणि मग प्रश्न विचारावा.

वडीलधाऱ्यांना प्रकृतीविषयी विचारणे हा शिष्टाचार आहे. ‘वांग लाओश्र, नीन त्स्वेइ-चिन शन्-थी त्सन्म-यांग?’ हे पूर्ण वाक्य एकदा नीट पाहावे: वांगसर, आपली, अलीकडे, तब्येत, कशी. शब्दांचा क्रम जवळजवळ मराठीचाच आहे, आणि प्रश्नार्थक शब्दही आपल्याप्रमाणेच जागचा हलत नाही. इंग्रजीच्या सवयीने तो उचलून वाक्याच्या तोंडाशी आणणारेच इथे अडखळतात. ‘नीन’ हे ‘नी’चे आदरार्थी रूप असून पेइचिंगसारख्या उत्तरेकडच्या शहरांत ते आवर्जून वापरतात, तर दक्षिणेत त्याचा वापर बराच कमी आहे. तिशीतल्या धडधाकट माणसाला मात्र तब्येतीचा प्रश्न विचारला, तर ‘मी आजारी दिसतो की काय?’ अशी शंका त्याच्या मनात येऊ शकते.

नावाने हाक मारताना आडनाव आधी आणि हुद्दा नंतर येतो: वांग लाओश्र म्हणजे वांगसर किंवा वांगबाई, ली चिंगली म्हणजे व्यवस्थापक ली. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९३८ साली चीनला गेलेल्या आणि १९४२ साली तिथेच निवर्तलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चिनी माणसे ‘ख ति-ह्वा’ या त्यांच्या चिनी नावाने ओळखतात; त्यातला ‘ख’ आडनावाच्या जागी असतो, म्हणून ते ‘ख तायफू’, म्हणजे डॉक्टर ख. एखादे वयस्कर चिनी गृहस्थ तुम्ही मुंबईचे आहात हे ऐकून हे नाव काढतील, तेव्हा गोंधळून जाऊ नये. शेजारच्या मध्यमवयीन बाईंना ‘आयी’, म्हणजे मावशी, आणि पुरुषांना ‘शू-शु’, म्हणजे काका, म्हणावे. ‘लाओ वांग’, ‘श्याओ ली’ अशा सलगीच्या हाका ते स्वतः सुचवीपर्यंत मारू नयेत.

आता उच्चार, ज्यात सर्वाधिक वेळ घालवावा लागतो. चीनने १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत बी, डी आणि जी ही अक्षरे दिसली की आपण त्यांना ब, द, ग वाचतो, पण त्यांचे उच्चार प, त, क यांच्या जवळचे आहेत, आणि पी, टी, के ही अक्षरे फ, थ, ख यांच्या जवळची. (हा फ ओठ मिटून काढायचा असतो, दात ओठावर टेकवून केलेला चालत नाही.) अल्पप्राण आणि महाप्राण यांतला भेद मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून असतो, त्यामुळे रोमन स्पेलिंगवर विसंबण्यापेक्षा आरंभी देवनागरीत लिहून घेणे चांगले. ‘त्स्वेइ’मधला त्स म्हणजे ‘चाक’मधला च, आणि ‘चिन’मधला च ‘चिमणी’तला, हे दोन च वेगळे ठेवता येणे ही आपली मोठी जमेची बाजू आहे. ‘छ्र’ आणि ‘श्र’ या लेखनाने फक्त दिशा कळते: जिभेचे टोक टाळूकडे वळवून छ किंवा श म्हणावा आणि जीभ तिथेच ठेवून आवाज लांबवावा.

स्वर, म्हणजे शब्द म्हणताना आवाजाला दिलेला चढउतार, मात्र ऐकूनच शिकावे लागतात. चार स्वर आहेत: पहिला उंच आणि सपाट, दुसरा नीट ऐकू न आल्यावर विचारलेल्या ‘काय?’सारखा चढता, तिसरा खालच्या पट्टीतला, चौथा दटावून म्हटलेल्या ‘बस!’सारखा उतरता, शिवाय ‘मा’, ‘ल’, ‘न’ यांसारखे प्रत्यय हलक्या, बिनस्वराच्या उच्चाराचे असतात. ‘नी’ आणि ‘हाओ’ हे दोन्ही शब्द तिसऱ्या स्वराचे आहेत, पण दोन तिसरे स्वर लागोपाठ आले की पहिला बदलून दुसरा होतो. म्हणून ‘नी’ चढता आणि ‘हाओ’ खालचा म्हणावा. ‘हाओ-च्यौ’लाही हाच नियम लागू आहे. आणखी एक सावधगिरी अशी, की मराठीत प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट आपोआप वर जातो. चिनी बोलताना ही लकब शेवटच्या शब्दाचा स्वर बिघडवते. फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहावा.

उत्तरांची तयारी थोडक्यात होते. ‘हाय शिंग’ किंवा ‘हाय हाओ’ म्हणजे ‘ठीक आहे’, ‘थिंग हाओ त’ म्हणजे ‘छान चालले आहे’, आणि ‘लाओ यांग्त्स’ म्हणजे ‘नेहमीचेच’. त्यापाठोपाठ ‘नी न?’ विचारलेच पाहिजे.

‘त्सन्म-यांग’ आणि ‘त्सन्म ल’ यांची गल्लत टाळावी. ‘नी त्सन्म ल?’ म्हणजे ‘तुला काय झाले?’ चेहरा उतरलेला दिसला किंवा कोणी लंगडत आले, तर तो प्रश्न योग्य आहे. हसतमुख ग्राहकाला विचारला, तर तो बावरेल. आजारातून उठलेल्याला ‘हाओ श्ये ल मा?’, म्हणजे ‘आता बरे वाटते का?’, असे विचारतात. त्यानंतर बहुधा ‘तुओ ह र-श्वेइ’, म्हणजे ‘गरम पाणी भरपूर प्या’, असा सल्ला येतो. तो इतका साचेबंद झाला आहे, की चिनी तरुण त्याची थट्टा करतात. आपण तो घरच्या काढ्याच्या सल्ल्याइतक्याच सौजन्याने ऐकून घ्यावा.

हे सारे प्रमाण चिनीविषयी झाले. १९५७पासून दरवर्षी वसंतात आणि शरदात जिथे कँटन फेअर हे व्यापारी प्रदर्शन भरते, त्या ग्वांगचौ शहरात घरोघरी कँटोनीज बोलतात आणि तिथे ‘नी हाओ’चे ‘नेइ होउ’ होते; प्रमाण चिनी तिथे सर्वांना कळते, तरी दुकानदाराला ‘नेइ होउ’ म्हटल्यास त्याला बरे वाटते. माझगावातले सी यिप कून मंदिर ज्यांचे, त्या मुंबईकर चिनी कुटुंबांचे पूर्वजही दक्षिणेकडच्या ग्वांगतोंग प्रांतातले. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेली आहेत, तेव्हा त्यांच्यावर आपल्या स्वरांचा सराव करण्याऐवजी सरळ ‘कसे आहात?’ असे विचारावे.