टँगो हसरा असतो, तो असा ऐका

टँगो म्हटलं की लोक उगाच गंभीर होतात. लाल ड्रेस, तोंडात गुलाब, विरह! म्हणून नाचाच्या क्लासला नवीन कुणी आलं की मी आधी अर्जेंटिनाचा वाद्यवृंदप्रमुख हुआन दारिएन्सो याची १९३६ची ‘एल फ्लेते’ ही रेकॉर्ड लावते. चाल विसेन्ते ग्रेकोची, त्याहूनही जुनी. गायक नाही, नुसती वाद्यं, आणि तीन मिनिटांच्या आत खेळ खलास.

घरी ऐकणार असाल तर प्रत बघून घ्या. तबकडीवरून उतरवताना काही जण खरखर काढायच्या नादात वाद्यांची धारही घालवतात, वर घुमारा भरतात. तसली गुळगुळीत प्रत नको. खरखर चालेल. स्पीकरचा बेसही कमी करा.

पहिल्यांदा ऐकताना बसायचं नाही. घरातल्या घरात चाला. स्टेप्स नकोत, एका ठोक्याला एक पाऊल, बस्स. दारिएन्सोला ठेक्याचा राजा म्हणायचे ते का, हे पायांना लगेच कळतं.

दुसऱ्या खेपेला कान बांदोनेऑनकडे. हे वाद्य आपल्या पेटीच्या नात्यातलं. आत धातूच्या पट्ट्याच, पण ते मांडीवर घेऊन भाता दोन्ही हातांनी ताणायचा-मिटायचा. गंमत म्हणजे तेच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना बहुधा दुसराच. मनात आणलं तर बांदोनेऑन हुंदकेही देतं. इथे मात्र सूर तोडून तोडून येतात, ओढ काढायला कुणाला सवडच नाही. सगळा आनंद त्या तोडण्यात आहे. दोन सुरांमध्ये मोकळी जागा राहते आणि पाऊल तिथेच उचललं जातं.

मग पियानो. रोदोल्फो बियाजी १९३५च्या अखेरीस या वाद्यवृंदात आला. बाकीचे ओळ संपवून श्वास घेतात न घेतात, तोच हा पठ्ठ्या मध्ये दोन-चार सूर टाकून मोकळा. नाचताना अशा जागी पाऊल टाकू नका, थांबा. जोडीदाराला हसू फुटलं तर फुटू द्या. मला दर वेळी फुटतं.

हौस वाढली तर ग्रेकोने स्वतः १९११च्या सुमारास केलेल्या रेकॉर्ड्स शोधा. त्यात पियानोही नाही आणि डबल बास, म्हणजे खर्जातलं ते मोठं तंतुवाद्य, तेही नाही. बासरी, व्हायोलिन, गिटार आणि बांदोनेऑन, एवढाच संच. माईक यायचा होता, सगळे कर्ण्यासमोर दाटी करून वाजवायचे. आवाज बारीक येतो, पण बासरी नुसती बागडते.

टँगोच्या शेवटी बहुतेकदा दोन ठोके येतात, चान-चान. त्यावर पाय जुळवून उभे राहा. लगेच पुग्लिएसे, म्हणजे टँगोचाच दुसरा वाद्यवृंदप्रमुख, लावू नका. थोर माणूस, पण जड. दारिएन्सोच्याच १९३६-३७च्या आणखी दोन-तीन लावा. मिलोंगात, म्हणजे नाचाच्या बैठकीत, अशाच एका वाद्यवृंदाच्या तीन-चार रेकॉर्ड्स सलग लावतात आणि तेवढा वेळ जोडीदार बदलत नाही.