इंग्रजीत परीक्षा ‘देऊ’ नका, तिकीट ‘काढू’ नका : क्रियापदांच्या जोड्यांतल्या या चुका टाळा

घणसोलीहून येणारा माझा एक विद्यार्थी परवा अर्धा तास उशिरा आला आणि दारातूनच म्हणाला, “मॅम, आय रिमूव्ह्ड द टिकेट, बट द ट्रेन लेफ्ट मी.” बाकीचे सहाजण हसले. मी म्हटलं, “हसताय ना? मग काय चुकलं ते सांगा.” सगळे गप्प. कर्ता जागेवर, काळ बरोबर, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. तरी वाक्य ऐकून वाटतं की यानं तिकीट कुठून तरी उपटून काढलं आणि गाडीनं त्याला सोडचिठ्ठी दिली. म्हणायचं होतं एवढंच : ‘आय बॉट द टिकेट, बट आय मिस्ड द ट्रेन.’

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी सातला ही बॅच भरते. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांमधून सुटून ट्रान्स-हार्बर लोकलनं येणारे काही, एक बँकेतली, एक नर्स. व्याकरण बहुतेकांचं बरं असतं. मराठी शाळेत शिकलेल्यांचं तर बऱ्याचदा इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा पक्कं. घसरतात ते पहिलीच्या पुस्तकातल्या क्रियापदांवर : मेक, डू, टेक, गिव्ह, गेट, पुट.

मला यातली एक गोष्ट फार उशिरा कळली. अवघड वाक्प्रचारांत कोणी चुकत नाही. ‘माझी वाट बघ’चं ‘सी माय रोड’ कोणी करत नाही. ‘डोकं खाऊ नकोस’ म्हणताना कोणी ‘ईट’ म्हणत नाही. ते वाक्प्रचार आहेत हे दिसतं, म्हणून आपण आपोआप ब्रेक मारतो. पण ‘परीक्षा देणे’, ‘फी भरणे’, ‘फोटो काढणे’ हेसुद्धा तितकेच वाक्प्रचार आहेत आणि ते तसे वाटतच नाहीत. परीक्षेत आपण कोणाला काय देतो? फोटो कशातून बाहेर काढतो? मराठीत नामानं आपलं क्रियापद कधीच निवडून ठेवलंय आणि आपण ते इतक्या वेळा वापरलंय की निवड केली होती हेच विसरलोय.

सगळ्यात जास्त अपघात ‘काढणे’च्या वळणावर होतात. डोक्यात ‘काढणे म्हणजे रिमूव्ह’ असं एकदा बसलं की संपलं. प्रत्यक्षात इंग्रजीत फोटो ‘टेक’ करतात, रांगोळी ‘ड्रॉ’ करतात, तिकीट ‘बाय’ किंवा ‘गेट’ करतात, बँकेतून पैसे ‘विथड्रॉ’ करतात, बोलताना ‘टेक आउट’ही चालतं. चप्पल ‘टेक ऑफ’ करतात. ‘रिमूव्ह’ चालतं, पण ते देवळाबाहेरच्या पाटीला शोभतं, घरी आलेल्या मावशीला नाही. भांडण काढलं तर ‘पिक अ फाइट’. कोणाची चूक काढली तर ‘पॉइंट आउट’. आवाज काढू नकोस म्हणजे ‘डोंट मेक अ नॉइज’. आणि कामातून वेळ काढायचा तर ‘मेक टाइम’ किंवा ‘फाइंड टाइम’. ‘आय विल रिमूव्ह टाइम फॉर यू’ असं एकानं साहेबांना लिहिलं होतं. साहेब मराठी होते म्हणून निभावलं.

‘लावणे’ त्याहून अवली. आपण दार लावतो तेव्हा ते बंद होतं आणि दिवा लावतो तेव्हा तो सुरू होतो! इंग्रजीत दार ‘क्लोज’ किंवा ‘शट’, दिवा ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’. झाड ‘प्लांट’, अलार्म ‘सेट’, गाडी ‘पार्क’, कुलूप लावायचं तर नुसतं ‘लॉक’. इथे दोन चुका हटकून ऐकू येतात. पहिली ‘ओपन द फॅन, क्लोज द लाइट’. दुसरी ‘ऑन द फॅन, ऑफ द लाइट’. ऑन आणि ऑफ ही क्रियापदं नाहीत. त्यांच्या आधी ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतंच. मराठीत आपण ‘फॅन ऑन कर’ म्हणतो, त्यातला ‘कर’ इंग्रजीत जाताना गळून पडतो आणि त्याच्या जागी काहीच बसत नाही.

‘भरणे’चं थोडक्यात सांगते. फॉर्म ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’ करतात, पण फी आणि लाइटबिल ‘पे’ करतात. डबा ‘पॅक’ करतात.

आता ‘देणे’. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना कळतं. बाहेरच्याला मात्र वाटतं की तुम्ही शिक्षक आहात आणि तुम्ही मुलांची परीक्षा घेतलीत. मराठीत देणारा विद्यार्थी, घेणारा मास्तर. इंग्रजीत नेमकं उलटं, विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ही करतो, आणि ‘गिव्ह’ करतो तो मास्तर. नोकरीच्या मुलाखतीचंही तसंच. ‘आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू’ हे एखाद्या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला मुलाखत दिली तर बरोबर. तुम्ही वाशीला नोकरीसाठी गेला होतात तर ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’. भेट देणे म्हणजे ‘गिव्ह अ व्हिजिट’ नाही, सरळ ‘व्हिजिट’. लक्ष देणे म्हणजे ‘पे अटेन्शन’. मात्र सल्ला ‘गिव्ह’च करतात, फक्त ‘ॲन ॲडव्हाइस’ म्हणू नका, तो शब्द इंग्रजीत मोजता येत नाही.

नर्सताईंची अडचण वेगळी. त्या पेशंटला ‘ईट धिस टॅब्लेट’ सांगायच्या, कारण आपण गोळी खातो. औषध गोळी असो की पातळ, इंग्रजीत ते ‘टेक’ करतात. ताप येतो, सर्दी होते, राग येतो, झोप येते; मराठीत या सगळ्या गोष्टी बाहेरून चालत आपल्यापाशी येतात. इंग्रजीत ताप ‘हॅव’ करायचा, सर्दी ‘कॅच’ करायची, राग आला तर ‘गेट अँग्री’, झोप येत असेल तर ‘फील स्लीपी’ आणि लागलीच तर ‘फॉल अस्लीप’. कंटाळा आला तर ‘आय ॲम बोअर्ड’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणालात तर तुम्हीच इतरांना कंटाळा आणता अशी कबुली होते.

या असल्या जोड्यांना नियम असतो का? थोडासा. ‘करणे’साठी ‘मेक’ की ‘डू’ हा प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो. आधी नसलेली वस्तू तयार झाली तर ‘मेक’ : चहा, गोंगाट, बेत, वचन, आणि हो, चूकसुद्धा. चूक आधी नव्हती, तुम्ही ती घडवलीत, म्हणून ‘मेक अ मिस्टेक’. काम पार पाडलं तर ‘डू’ : होमवर्क, व्यायाम, भांडी, धुणं. एवढ्यानं निम्मा रस्ता कटतो. पुढे नियम सोडून द्यावा. ‘मेक द बेड’ म्हणजे सुतारकाम नाही, अंथरूण-पांघरूण नीट घालणं. आणि धंदा ‘डू’ करतात, पण त्यातून पैसा ‘मेक’ करतात.

जे. आर. फर्थ नावाचे एक ब्रिटिश भाषावैज्ञानिक होते. १९२० च्या दशकात ते लाहोरला इंग्रजी शिकवत. शब्द ओळखायचा असेल तर त्याची संगत बघा, अशा अर्थाचं त्यांचं १९५७ सालचं एक वाक्य भाषेच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतं. आपल्याकडे हे बैलांवरून सांगून झालंय : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ‘टेक’ला स्वतःचा असा फारसा अर्थ उरलेला नाही. ‘फोटो’शेजारी बांधला की एक गुण, ‘एक्झाम’शेजारी दुसरा, ‘ऑफ’शेजारी बांधला तर बूट निघतात किंवा विमान उडतं.

हे परकं वाटत असेल तर स्वतःच्या कपाटात बघा. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. ‘तिनं नऊवारी घातली’ असं कोणी म्हटलं की माझ्या सासूबाईंच्या कपाळाला आजही आठी पडते. व्याकरणाच्या दृष्टीनं त्या वाक्यात काहीच वावगं नाही, पण साडीनं आपलं क्रियापद ठरवलंय. इंग्रजीत या सगळ्याला एकच ‘वेअर’ पुरतो; चष्मा, अत्तर, अगदी दाढीसुद्धा ‘वेअर’ करतात. मात्र तिथे वेगळाच खड्डा आहे. खाली कॅब उभी आहे आणि तुम्ही फोनवर म्हणता, ‘वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज.’ याचा अर्थ बूट आधीच पायात आहेत. मग थांबायचं कशाला? घालण्याची क्रिया चालू असेल तर ‘पुटिंग ऑन’. घालून झाले की ‘वेअरिंग’.

‘पुट ऑन’, ‘टर्न ऑफ’ अशा दोन तुकड्यांच्या क्रियापदांत आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती बहुतेक क्लासमध्ये सांगतच नाहीत. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’, दोन्ही चालतं. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’ आला की तो मधेच बसतो : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. तसंच ‘पिक हिम अप’, ‘पुट देम ऑन’. उलट ‘लुक आफ्टर’सारख्या जोडीत मधे कोणी शिरूच शकत नाही : ‘लुक आफ्टर हिम’. ओळखायचं कसं? नाम मधे घालून बघा. ‘लुक द बेबी आफ्टर’ कानाला लगेच खटकतं, म्हणजे ती जोडी सुटणारी नाही. कान तयार नसेल तर शब्दकोशातलं उदाहरण बघा, त्यात लाज कसली.

वाहनांचं : लोकलमधून आपण उतरतो, म्हणून ‘आय विल गेट डाउन ॲट ठाणे’. इथल्या डब्यात हे सगळ्यांना कळतं, पण बाहेर ‘गेट ऑफ’ म्हणतात. ट्रेन आणि बससाठी ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी आणि रिक्षासाठी ‘गेट इन’, ‘गेट आउट ऑफ’. साधारण खूण अशी की ज्यात उभं राहून चालता येतं तिथे ऑन-ऑफ. (संध्याकाळी साडेसहाच्या कर्जत लोकलला ही खूण लागू पडत नाही, पण भाषेला गर्दी माहीत नसते.) आणि ‘रीच्ड टू द स्टेशन’मधला ‘टू’ खाली टाका : ‘रीच्ड द स्टेशन’.

असाच एक जादा शब्द ऑफिसच्या प्रत्येक मेलमध्ये सापडतो : ‘लेट अस डिस्कस अबाउट धिस’. यामागचं कारण कळलं की चूक सुटते. ‘डिस्कशन’ हे नाम आहे, त्याला ‘अबाउट’ चालतं. ‘डिस्कस’ क्रियापद आहे, त्याला थेट कर्म लागतं. ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’चंही तेच : नाम असेल तर ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, क्रियापद असेल तर ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. उलट ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’मध्ये शब्द कमी पडतो. ‘टेल मी’, ‘शो मी’ चालतं म्हणून तेही चालेल असं वाटतं, चालत नाही. ‘एक्स्प्लेन इट टू मी’ म्हणा.

एवढं वाचून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि बरोबर असलेलंही खोडतात. ‘टेक अ डिसिजन’ चूक नाही. अमेरिकेत ‘मेक’ म्हणतात, ब्रिटिश वापरात ‘टेक’ही आहे. ‘टेक अ बाथ’ आणि ‘हॅव अ बाथ’ दोन्ही ठीक. काळजी घेणे, शपथ घेणे, वेळ घेणे इथे तर मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात, बिनधास्त ‘टेक’ वापरा. आणि कोपरखैरण्याच्या मित्राला ‘एक्झाम दिली’ सांगताना कोणी जीभ चावायची गरज नाही. परदेशी क्लायंटला लिहिताना किंवा भाषेच्या परीक्षेत मात्र जपा.

शोधायचं कुठे, तर शब्दकोशात क्रियापदाखाली नाही, नामाखाली. ‘टेक’ उघडलंत तर पानंच्या पानं अर्थ आणि ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी हरवलेला माणूस शोधल्यासारखी गत. ‘एक्झाम’ उघडा, दोन ओळींत ‘टेक’ सापडेल. इंटरनेटवर शोधताना सावध राहा. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ टाकलंत तर आपल्याच देशातली भरपूर पानं मिळतील आणि तुम्हाला वाटेल, झालं, बरोबर आहे. वहीतही नुसतं ‘डिसिजन : निर्णय’ लिहू नका. ‘मेक अ डिसिजन’ अशी अख्खी जोडी लिहा, शेजारी स्वतःचं एक वाक्य.

वहीचा विषय निघाला तेव्हा बँकेतल्या मुलीनं विचारलं, “मॅम, मग रोज डायरी लिहिणं म्हणजे काय? राइट?”

“कीप अ डायरी.”

“ठेवायची फक्त?” ती म्हणाली. “मग माझी तीन वर्षं चालूच आहे.”